शिसपेन, तुरुंग आणि शेंगदाणे

पुस्तक हातात आलं की मी पहिलं प्रकरण उघडत नाही. आधी मलपृष्ठ, मग किंमत, मग कितवी आवृत्ती, अर्पणपत्रिका कुणाला, प्रस्तावनेत लेखकाने कुणाचे आभार मानलेत आणि कुणाचे बरोब्बर गाळलेत. याला घरात ‘भोचकपणा’ म्हणतात. म्हणू देत. थोर पुस्तकांचा एक घोटाळा असतो: त्यांच्याविषयी आपल्याला इतका आदर असतो की ती वाचायचीच राहून जातात. वर्षानुवर्षं कपाटात उभी, दसऱ्याला एक फूल. आदर जरा बाजूला ठेवून ‘हे लिहिलं कुठे बसून? कशाने? आणि मग पुढे काय झालं?’ असं विचारत शिरलं की हीच पुस्तकं भराभर बोलायला लागतात. या पावसाळ्यात कथा-कादंबऱ्या आणि बिगर-कादंबऱ्या अशी सरमिसळ वाचली, आणि प्रत्येकीत नाक खुपसून जे सापडलं ते हे.

यमुनेकाठी निघालेला आणि यमुना नावाची

विष्णुभट गोडशांचं ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक. घरावर कर्ज, डोक्यावर मोठ्या कुटुंबाचा भार. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा सढळ हाताने मिळणार, अशी बातमी कानावर आली. भटजीबुवा काकांना घेऊन उत्तरेकडे चालत निघाले. साल १८५७!

मुहूर्त बघणारा माणूस, आणि सगळ्या पंचांगातलं नेमकं हेच वर्ष निवडलं. महूच्या आसपास शिपायांनी त्यांना सांगितलंही, लवकरच गडबड होणार आहे, मागे फिरा. पण रिकाम्या हाताने घरी कोण जाणार? गेले पुढे. त्यानंतर बंड, पळापळ, लुटालूट, आणि झाशीचा वेढा. इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या तोफा शहरावर पडत होत्या तेव्हा हा कोकणातला ब्राह्मण तटाच्या आत होता.

मला हे पुस्तक आवडलं ते गोडसे शूर नाहीत म्हणून. ते घाबरतात आणि तसं लिहितात. जेवण कुठे मिळालं, दक्षिणा किती, ती कुणी लुटली, रात्र कुठे काढली, सगळं नोंदवतात. शाळेतल्या इतिहासात राणी लक्ष्मीबाई घोड्यावरून खाली उतरतच नाही. इथे ती उतरते. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी गोडशांना ती भेटते, धुळीने माखलेली, तहानलेली. गोडसे पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका. आणि स्वतः काढून पिते. राज्य गेलंय, मागे फौज लागलीय, आणि या अवस्थेत हा रिवाज! मी हे पान वाचून पुस्तक मिटलं आणि चहा टाकला. पुढचं लगेच वाचवेना.

त्याच पुस्तकात झाशीच्या राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची लूटही आहे. लांबलांबचे पंडित जिथे पोथ्या उतरवून घ्यायला येत, तिथे शिपाई शिरले. त्यांना पोथ्यांची कापडी बासनं हवी होती. आतली पानं त्यांनी फेकून दिली. माणसं मेल्याचं वर्णन करणारे गोडसे पोथ्यांपाशीही थांबतात, आणि भिक्षुकाचा जीव नेमका कुठे तुटला ते कळतं.

दक्षिणेचं म्हणाल तर शून्य. जे कमावलं ते वाटेत लुटलं गेलं. तरी परत येताना गडी गंगेची कावड खांद्यावर घेऊन आला, आईवडिलांना स्नान घालायला.

आता पुढची गंमत. हे सगळं त्यांनी लिहिलं ते १८८३च्या सुमाराला, म्हणजे पाव शतकानंतर. छापलं चिंतामणराव वैद्यांनी, १९०७ साली, गोडसे गेल्यावरच. इंग्रजांचं राज्य, विषय बंडाचा, सावधगिरी समजण्यासारखी. पण वैद्यांनी नुसतं छापलं नाही, काही गाळलं, काही घातलं, भाषेला इस्त्री केली. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती काढली दत्तो वामन पोतदारांनी, १९६६ साली. त्यामुळे कुणी ‘मी गोडसे वाचलाय’ म्हणालं की विचारायचं: वैद्यांचा की पोतदारांचा? समोरचा गार! (हिंदीत अमृतलाल नागरांनी केलेला अनुवाद ‘आँखों देखा गदर’ नावाने आहे. म्हणजे आपल्या वरसईकरांना लखनौच्या कादंबरीकाराने हिंदीत नेलं.)

त्याच १८५७ साली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ छापून आली, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव परीक्षेत लिहून आपण ती वाचायची टाळतो. यमुना हे नायिकेचं नाव. ती नवऱ्याबरोबर फिरते आणि जागोजाग विधवांचे हाल बघते. म्हणजे एकाच वर्षी एक यमुना कागदावर प्रवासाला निघाली आणि एक भटजी खऱ्या यमुनेकडे. कादंबरी म्हणून? खरं सांगायचं तर कथानक पातळ आहे, उपदेश घट्ट. पण तिच्यातल्या बायका ज्या गोष्टी सांगतात त्यांना पातळ म्हणायची माझी छाती नाही.

१८५७ अजून संपत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ उघडलं तर पहिल्याच पानांत पुन्हा तेच साल. बंडाच्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि तेव्हापासून वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं खूळ शिरलं. इतकं, की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुवायचं. आता मीठ धुतल्यावर काय उरतं? हे दुःख बाई अशा सांगतात की आपण आधी फिस्सकन हसतो, मग दचकतो. शाळेचं तोंड न बघितलेली, लग्नानंतर अक्षरं गिरवायला लागलेली ही बाई, आणि विनोदाची वेळ अशी अचूक, की नाटकवाल्यांनी येऊन शिकावं. नवरा कवी, विसराळू, उदार, संतापी. १८९५ साली सरळ ख्रिस्ती होऊन मोकळा झाला. त्यावर बाईंचं लिहिणं वाचून वाटतं, या माणसाशी एका दिवसाचाही संसार आपल्याला झेपला नसता.

आणि हे फारसं कुणी सांगत नाही: रेव्हरंड टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरू केलं, दहाएक अध्याय झाले आणि ते वारले. उरलेले साठाच्या वर अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. नवऱ्याची अर्धवट राहिलेली कामं बायकाच पुरी करतात, पण महाकाव्य?

बिनभाड्याची खोली

मराठीतली खपाची तीन पुस्तकं तुरुंगात तयार झाली, आणि त्यातल्या दोन पुस्तकांत एकच हात आहे, हे मला आत्ता आत्ता जुळवता आलं.

आधी मंडाले. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं १९१०-११च्या हिवाळ्यात. लेखणी आणि शाई द्यायची नाही, फक्त शिसपेन. सुटे कागद द्यायचे नाहीत, बांधीव वही, आणि तिची पानं आधी मोजून. सरकारला भीती ही की चिठ्ठी बाहेर जाईल. बाहेर गेलं ते आठशेच्या वर छापील पानांचं पुस्तक! १९१४ साली सुटका झाली तेव्हा वह्या सरकारने ताब्यातच ठेवल्या, ‘तपासतो’ म्हणून. लोक काळजीत. टिळक बिनघोर. वह्या त्यांच्याकडे आहेत, पुस्तक माझ्या डोक्यात आहे, पुन्हा लिहीन, अशा अर्थाचं ते बोलले. वह्या परत आल्या आणि १९१५ साली ग्रंथ निघाला. मी तो सलग वाचलाय असं सांगून पाप ओढवून घेणार नाही. पण प्रस्तावना मात्र प्रत्येकाने वाचावी. एवढ्या कोरड्या आवाजात एवढी मोठी हकिकत सांगणारा माणूस आज पेपरात दिसत नाही.

मग धुळे, १९३२. तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे. २१ फेब्रुवारीला सुरुवात, १९ जूनला शेवट. कॅलेंडर काढून मोजलं: बरोबर अठरा रविवार, अठरा अध्याय. एकही खाडा नाही. हे ‘गीता प्रवचने’ आपल्या हातात आलं कारण ऐकणाऱ्यांत एक मास्तर बसले होते आणि ते भराभर उतरवून घेत होते. मास्तरांचं नाव पांडुरंग सदाशिव साने.

आणि पुढच्याच वर्षी नाशिक. तेच साने गुरुजी, दुसरा तुरुंग, यावेळी स्वतःचं पुस्तक. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारी ‘श्यामची आई’ लिहायला बसले आणि सोमवारी १३ तारखेच्या पहाटे उठले. बहुतेक सगळा मजकूर या पाच दिवसांतला. बेचाळीस रात्रींची गोष्ट पाच दिवसांत! दुसऱ्याचं बोलणं त्याच वेगाने उतरवायचा आदल्या वर्षीचा सराव इथे कामी आला असणार, असं माझं आपलं मत आहे. यावेळी बोलणारी आई होती, इतकंच.

परवा ते मोठेपणी पुन्हा वाचलं. लहानपणी रडू आलं होतं, तेच येणार म्हणून रुमाल घेऊन बसले. रडू आलं, पण वेगळ्या जागी. लहानपणी श्यामबरोबर रडले होते. आता त्या बाईच्या वयाचा हिशेब करत रडले. आणि एक गोष्ट लहानपणी कधी दिसली नव्हती, ती म्हणजे घरातली गरिबी. कर्ज, वसुलीला येणारा माणूस, दारात होणारा अपमान. संस्कारांच्या पुस्तकात सावकारी इतकी ठसठशीत आहे हे शाळेतल्या बाईंनी सांगितलं नव्हतं. (अत्र्यांच्या १९५३च्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, हे मात्र त्यांनी नक्की सांगितलं होतं. ते परीक्षेत यायचं.)

गावातल्या कर्जाचाच विषय निघालाय तर ‘गीतारहस्या’च्याच सालचं, १९१५चं, त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ जोडीला वाचा. लेखक महसूल खात्यातले. बलुतेदार, पाटील-कुलकर्णी, फिरस्ते, कुणाला काय देणं आणि कोण कुणाला कसं बुडवतो याचा असा बारीक तपशील, की सरकारी नोकर इतकं बघत असतो या कल्पनेनेच घाम फुटतो. काही जातींविषयीचे त्यांचे शेरे आज वाचवत नाहीत. तपशील मात्र सोडवत नाही.

तेराव्या शतकातल्या तळटीपा

‘लीळाचरित्र’ हा शब्द ऐकला की मला पूर्वी वर्गातली दुपारची झोप आठवायची. झोप उडवणारी बातमी: सुमारे १२७८ सालचं हे मराठीतलं आद्य गद्य चरित्र चक्क वार्ताहराच्या पद्धतीने लिहिलंय. चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला बसले आणि ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडून एकेक प्रसंग विचारून घेतला. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर? एकाचं खरं धरून दुसऱ्याचं पुसून टाकलं नाही. दोन्ही ठेवलं, कुणाचं म्हणणं काय ते नावानिशी. महानुभाव मंडळी या पाठभेदाला ‘वासना’ म्हणतात. आजच्या किती चरित्रकारांना एवढा धीर आहे?

आणि विषय काय? तत्त्वज्ञान आहेच, पण स्वामी कुठे निजले, काय जेवले, कुणावर रागावले, कुणाची थट्टा केली. छोटे छोटे प्रसंग, दोन-चार वाक्यांचे, आणि त्यातल्या बायका अशा फडाफडा बोलतात की साडेसातशे वर्षं मधे आहेत हे ध्यानात राहत नाही. मुळात चक्रधर भडोचकडचे, म्हणजे गुजरातेतले. मराठी गद्याचा पहिला नायक गुजराती!

मूळ पोथी पुढे स्वारीच्या धामधुमीत हरवली. अनुयायांनी आठवून आठवून पुन्हा लिहिली आणि नंतर ‘सकळ’ नावाच्या सांकेतिक लिपीत बंद केली. ती लिपी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी उलगडली, तोवर बाहेरच्यांना हा ऐवज वाचताच येत नव्हता. आता मराठी भाषा विद्यापीठ त्याच रिद्धपूरला आलंय.

एका घरातले दोन स्फोट

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ एका बैठकीत संपते. १९३९ची, मोजक्या पानांची. रणांगण म्हणावं तर एकही लढाई नाही. युरोपहून निघालेली एक बोट, तिच्यावर जर्मनीतून जीव वाचवून पळालेले ज्यू, घरी परतणारे हिंदी प्रवासी, आणि चक्रधर विध्वंस नावाचा एक कोरडा पडलेला तरुण. (पुन्हा चक्रधर! पण या चक्रधराचं आडनाव बघा.) त्याला हॅर्टा भेटते. बोटीला मुंबई आहे, हॅर्टाला मुंबईत उतरायची परवानगी नाही. पुढचं सांगत नाही. माझ्याशी मात्र घरात कुणी दोन दिवस बोललं नाही, कारण मीच बोलत नव्हते.

छापून आली तेव्हा या कादंबरीची फारशी दखल कुणी घेतली नाही. बेडेकर सिनेमाकडे गेले आणि दुसरी कादंबरी त्यांनी लिहिलीच नाही.

आता त्यांच्या घरात डोकावू. पत्नी मालतीबाई. त्या पूर्वाश्रमीच्या बाळूताई खरे, आणि लग्नाआधी, म्हणजे १९३३ साली, ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहून त्यांनी अख्ख्या महाराष्ट्राची झोप उडवलेली. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींना काय वाटतं ते त्यात सरळ लिहिलं होतं. गदारोळ उठला. ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. काहींना तर खात्री, की हा पुरुषच असणार! आता वाचताना त्या कथांत ‘भयंकर’ काही सापडत नाही. सापडतं ते एवढंच, की मोठी मुलगी कमावती झाली की तिच्या लग्नाची घाई घरच्यांना हळूहळू कमी वाटायला लागते. म्हणजे भयंकरच.

बोटीवरच्या हॅर्टाला मुंबई मिळाली नाही. पण एका जर्मन ज्यू मुलीला पुणं मिळालं होतं, त्याच्या कितीतरी आधी. ज्ञानकोशकार केतकरांच्या पत्नी शीलवतीबाई, मूळच्या इडिथ कोहन. ज्ञानकोशाचे तेवीस खंड आपण केतकरांच्या नावावर मांडतो आणि तिथेच थांबतो. विंटरनिट्झच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचा जर्मनमधून इंग्रजी अनुवाद, जो जगभरचे संस्कृतचे अभ्यासक वापरत आले, तो या शीलवतीबाईंचा. त्यांच्या आठवणींच्या मराठी पुस्तकाचं नाव आहे ‘मीच हे सांगितले पाहिजे’. नवरा विद्वान असलेल्या प्रत्येक बाईच्या उशाशी असावं असं नाव.

घोड्याच्या बदल्यात बाळ

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ सालचं. लेखिका ग्रंथपाल. अलाबामातल्या एका शेतीशास्त्रज्ञाचं चरित्र मराठीत निघतं काय, आणि घराघरांत जातं काय! माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांना शाळेत हेच बक्षीस मिळालंय. यावेळी वाचताना मी शेजारी शेंगदाण्यांची वाटी ठेवली होती. ती तिसऱ्या प्रकरणातच संपली.

तान्हं असताना जॉर्ज कार्व्हर आणि त्याची आई, दोघांना लुटारूंनी पळवलं. मालकाने माणूस पाठवला. आई सापडली नाही, बाळ परत मिळालं, आणि त्याच्या बदल्यात दिला एक घोडा. गुलामगिरी काय असते हे सांगायला दुसरा आकडा लागत नाही.

आता शेंगदाणे. पीनट बटर कार्व्हरने शोधलं असं सगळीकडे सांगतात. नाही. कॅनडातल्या मार्सेलस एडसनला शेंगदाण्याच्या लगद्याचं पेटंट मिळालं ते १८८४ साली, तेव्हा कार्व्हर शिक्षणासाठी दारोदार फिरत होता. त्याचं खरं काम मला तरी जास्त भारी वाटतं. कापसाने जमिनी उजाड झाल्या होत्या, त्यात भुईमूग घ्या, जमीन सुधारेल, असं त्याने गरीब काळ्या शेतकऱ्यांना पटवलं. मग पिकाचं करायचं काय? १९१६ साली त्याने पत्रिका काढली: भुईमूग कसा लावावा आणि त्याचे माणसांसाठी १०५ पदार्थ कसे करावेत. शास्त्रज्ञाने पाककृती छापल्या, कारण पीक ताटात गेलं नाही तर शेतातही टिकत नाही. शिवाय माणूस चित्रकार! शिकागोच्या १८९३च्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या निवडुंगाच्या चित्राची वाखाणणी झाली होती. गवाणकरांचा कार्व्हर जरा जास्तच संत आहे, एखादा तरी दुर्गुण दाखवायला हवा होता. पण ज्याने हे पुस्तक बाराव्या वर्षी वाचलं त्याच्यापाशी हा वाद घालू नका, मैत्री तुटते.

चिमूट चिमूट

चिमणराव-गुंड्याभाऊंचे जनक चिं. वि. जोशी बडोद्याच्या कॉलेजात पाली भाषा शिकवायचे. सकाळी बुद्धवचन, संध्याकाळी चिमणरावांची फजिती. ‘दुःख आहे’ हे पहिलं आर्यसत्य त्यांनी दोन्हीकडे शिकवलं.

जी. ए. कुलकर्ण्यांना ‘काजळमाया’साठी १९७३चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. पुस्तकाच्या प्रकाशनवर्षावरून वाद निघाला. जी.ए.ंनी पारितोषिक परत करून टाकलं आणि धारवाडात कॉलेजच्या मुलांना इंग्रजी शिकवत राहिले. नंदा खऱ्यांना ‘उद्या’साठी तोच मान २०२० सालचा जाहीर झाला, तर त्यांनी घेतलाच नाही. समाजाने भरपूर दिलंय, काही वर्षांपासून पुरस्कार घ्यायचे बंद केलेत, असं कारण. ‘उद्या’ वाचताना हेच मनात राहिलं: प्रत्येक हालचालीची नोंद ठेवणारं, मुलींचं प्रमाण घटलेलं, कंपन्यांच्या मुठीतलं जग २०१४ साली लिहिणारा हा गृहस्थ पेशाने बांधकामाचा इंजिनिअर. पाया खचतोय हे इंजिनिअरला आधी दिसतं. कादंबरी सोपी नाही, मधे दोनदा कंटाळले. तरी फोनला हात लावताना आता जरा चोरट्यासारखं होतं.

किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ १९७४ची. बहुतेक शिक्षण इंग्रजीतून झालेल्या माणसाने पहिली कादंबरी मराठीत लिहिली आणि शीर्षकातच पाढा चुकवला. आतही काळ, माणसं, नाती, कशाचाच हिशेब जुळत नाही. डोकं धरून वाचली, मजा आली. रंगनाथ पठाऱ्यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ मात्र अजून उशाशीच आहे. आठशे पानांच्या आसपास, शतकानुशतकांचा पसारा. झोपून वाचू नये, छातीवर पडते.

शरद बाविस्करांचं ‘भुरा’ हे आत्मकथन. धुळे जिल्ह्यातल्या खेड्यातला, दहावीला इंग्रजीत नापास झालेला मुलगा आज दिल्लीत जेएनयूमध्ये फ्रेंच शिकवतो. अशा गोष्टीचं पोस्टर व्हायला वेळ लागत नाही. बाविस्कर ते होऊ देत नाहीत. ते यशापेक्षा चिडीवर जास्त लिहितात. आणि आईवर. माझ्या भाच्याला दिलं.

फुरसुंगीचा बनेश फेणे उर्फ फास्टर फेणे याची पुस्तकं एकंदर वीस. लेखक भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नही मराठीत आणला. एक काढलं होतं, ‘सहज चाळू’ म्हणून. दुपार गेली. फेणेच्याच भाषेत, ट्टॉक.

आणि सगळ्यात खपाचं वाङ्मय

पाककृतींच्या पुस्तकांना साहित्यात धरत नाहीत हा अन्याय आहे. रामचंद्र सखाराम गुप्त्यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचं; म्हणजे मराठीतलं पहिलं छापील पाकपुस्तक एका पुरुषाचं. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ काढून उत्तर दिलं. एक हजार! त्यात देशीबरोबर विलायती पदार्थही. आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’, किर्लोस्करांनी छापलेली. हिची क्रांती एवढीच की माप वाटीचं आणि चमच्याचं. त्याआधी ‘अंदाजाने मीठ’ लिहीत. आणि अंदाज हा सासूकडे असायचा, सुनेकडे नसायचा. परदेशी निघालेल्या मुलाच्या बॅगेत कुकर आणि ‘रुचिरा’ हे जोडीने गेलेत, लाखांनी खपलेल्या या पुस्तकाच्या प्रती कुठकुठल्या देशांत आहेत कोण जाणे.

वाचनालयातून आणलेल्या माझ्या प्रतीत मागच्या वाचकांनी समासात शिसपेनीने भांडण मांडलंय. साबुदाण्याच्या खिचडीशेजारी एका अक्षरात ‘दाण्याचं कूट जास्त घ्या’. खाली दुसऱ्या, तिरप्या अक्षरात ‘मुळीच नको, फडफडीत होत नाही’. त्याखाली तिसरं अक्षर: ‘साबुदाणा रात्रीच भिजवला होता का?’ यावर अजून कुणाचं उत्तर आलेलं नाही. पुस्तक पंधरा तारखेला परत करायचंय, शिसपेन मी टोक करून ठेवलीय.